‘मला जमत नाही’ या वाक्याचं काय करायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातकापणी उरकली की आपल्या बेळगाव भागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांत मांडव पडतात, ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलनाच्या याद्या होतात. शेवटच्या आठवड्यात त्या याद्यांतून काही नावं गळतात. ताप आलाय, रजा मिळाली नाही, पाहुणे आलेत, असे निरोप येतात. पुष्कळदा ताप नसतो. आदल्या रात्री वही उघडलेली असते आणि आपलं लिहिलेलं आपल्यालाच टाकाऊ वाटलेलं असतं. एकांकिकेच्या तालमी सुटतात त्या अशाच. गाण्याच्या परीक्षेचे फॉर्म कपाटात राहतात, लग्नपत्रिका आणि फलक रंगवणारी मुलं निम्म्या दरात काम घेतात. यावर भाषणं खूप होतात. ‘आत्मविश्वास ठेवा’ असं सांगितलं जातं, पण तो कुठे आणि कसा ठेवायचा हे कुणी सांगत नाही. लेखन, गाणं, नाटक आणि चित्रकला शिकवताना जे उपयोगी पडतं आणि जे फसतं, ते या पत्रात मांडतो आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे शंका दोन तऱ्हेची असते. ‘या कवितेचं शेवटचं कडवं उगाच आलंय का?’ ही कामावरची शंका. तिला उत्तर असतं. ते कडवं हातानं झाकून कविता मोठ्यानं वाचली की पाच मिनिटांत कळतं. ‘मी कवी आहे का?’ ही माणसावरची शंका. तिला उत्तर नसतं, पुरस्कार मिळाल्यावरही नसतं, कारण तपासायला हातात काही नाही. आमचा सगळा आग्रह एवढाच आहे की माणसावरची शंका आली की तिला उचलून कामावर ठेवायची. हे मनाला समजावून होत नाही, त्याची रोजची पद्धत बसवावी लागते.

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या धास्तीचं वर्णन केलं. शिक्षणात आणि नोकरीत उत्तम यश मिळवलेल्या स्त्रिया ते यश नशिबाच्या, योगायोगाच्या किंवा समोरच्याच्या गैरसमजाच्या खात्यावर टाकतात आणि कधीतरी आपलं बिंग फुटेल या भीतीत राहतात, असं त्यांना दिसलं. पुरुषांतही हेच आढळतं हे पुढे स्पष्ट झालं. हा आजार नव्हे. पण यातून एक गोष्ट कळते. अशा माणसाला कौतुक लागू पडत नाही, कारण प्रत्येक शाबासकी ‘यांना खरं काय ते कळलेलं नाही’ या खात्यात जमा होते. म्हणून ‘अगं, तू छानच लिहितेस’ असं घरच्यांनी शंभरदा सांगितलं तरी फरक पडत नाही. ‘खऱ्या कलावंताला शंका येतेच, मला येते म्हणजे मी खरा,’ ही समजूतही तितकीच फसवी. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ज्यांना कमी येतं तेच स्वतःचा अंदाज फार वरचा बांधतात. पण त्यावरून शंका घेणारा प्रत्येक जण गुणी ठरत नाही. शंकेनं गुण सिद्ध होत नाही आणि दोषही सिद्ध होत नाही. कुठे बघायचं, एवढंच ती सांगू शकते.

पद्धत साधी आहे. दोनशे पानी रेघांची वही घ्या. डाव्या पानावर शंका जशी आली तशी लिहा, तारीख आणि वेळ घालून. ‘माझ्यात काही दम नाही,’ असं मनात आलं तर तसंच. उजव्या पानावर तिचं कामावरच्या प्रश्नात रूपांतर करा, आणि त्या प्रश्नात पान, परिच्छेद, ओळ, सूर, रेघ यांपैकी काहीतरी आलंच पाहिजे. ‘दुसऱ्या पानावर थोरली जाऊ अचानक का रडते हे वाचणाऱ्याला कळतं का?’ असा. दहा मिनिटांत वही मिटायची. ही मर्यादा महत्त्वाची आहे. इथे चूक होते ती अशी की डावी पानं भरत जातात आणि उजवी कोरी राहतात. मग ती वही उगाळण्याची जागा होते आणि माणूस आणखी खचतो. उजवीकडे लिहायला काही सुचत नसेल तर डावीकडचं वाक्य खोडा आणि कामाला लागा. रविवारी आठवड्याची उजवी पानं वाचायची आणि सुटलेल्या प्रश्नांवर काट मारायची. एकच प्रश्न सलग तीन रविवार उरला तर तो एकट्यानं सुटणारा नाही, कुणालातरी दाखवायची वेळ आली. डाव्या पानांवरच्या वेळाही बघा. बहुतेकांच्या शंका रात्री अकरानंतरच्या निघतात. रात्री अकरानंतर आपल्या लेखनावर निकाल द्यायचा नाही, हा नियम त्यातूनच येतो.

लिहिणाऱ्याला शंका ठरावीक वळणांवर गाठते. कोरा कागद समोर असताना. गोष्ट एक तृतीयांश झाल्यावर, कारण सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि पाठवल्यानंतर उत्तराची वाट बघताना. वळण माहीत असलं की ‘माझं संपलं’ असं न वाटता ‘एक तृतीयांशाचा टप्पा आला’ असं म्हणता येतं, आणि दोन्हींत फार अंतर आहे. पहिला खर्डा हातानं लिहावा, कारण कागदावर खोडलेलंही दिसत राहतं, मोबाइलवर ते नाहीसं होतं आणि त्याबरोबर चांगली ओळही जाते. पंचवीस मिनिटं, साधारण तीनशे शब्द. उठताना शेवटचं वाक्य अर्धं सोडायचं, म्हणजे उद्या कोऱ्या कागदापाशी बसावं लागत नाही. खर्डा झाला की तो डोळ्यांआड ठेवा. कविता सात दिवस, कथा निदान चौदा दिवस, लेखाला दोन दिवस पुरतात. ताज्या खर्ड्यात आपल्याला कागदावर आहे ते दिसत नाही, मनात होतं ते दिसतं. दोन्हींतलं अंतर जाणवतं, म्हणून वाईट वाटतं. नंतर तो कागदावर छापून घ्या आणि मोठ्यानं वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. ऐकताना जिथे तुम्हीच अडखळलात तिथे पेन्सिलीनं फुली. तीन फुल्या जवळजवळ आल्या तर तो परिच्छेद पुन्हा लिहायचा, बाकी सध्या तसंच ठेवायचं. सगळंच बदलायला घेणं हीसुद्धा शंकेचीच एक तऱ्हा आहे.

दाखवायचं तर तिघांना, दहांना नाही. एक जाणता, एक साधा वाचक, आणि एक जण त्या गावाची बोली बोलणारा. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला ‘मस्त’ असं उत्तर येतं, नाहीतर प्रवचन येतं. दोन्हींचा उपयोग नाही. त्याऐवजी विचारा: कुठे थांबलात? काय कळलं नाही? वाचून झाल्यावर काय लक्षात राहिलं? पुढे काय होईल असं वाटत होतं? उत्तरं लिहून घ्या आणि चोवीस तास वाद घालू नका. तिघांपैकी दोघे एकाच ठिकाणी थांबले असतील तर चूक तिथेच आहे. तिघे तीन ठिकाणी थांबले तर आपल्या कानावर सोडा. लक्षात ठेवा, वाचक दुखतंय कुठे हे बरोबर सांगतो, औषध मात्र बहुधा चुकीचं सांगतो. ‘इथे कंटाळा आला’ हे ऐका. ‘इथे एक खून घाला’ हे ऐकायची गरज नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर आलेले तीस अंगठे म्हणजे वाचन नव्हे, आणि अंगठे आले नाहीत म्हणजे नकारही नव्हे. तिथे कविता टाकायचीच असेल तर तिघांची उत्तरं मिळाल्यानंतर टाका.

आता खास आपल्या मातीतल्या शंकेबद्दल, कारण पुण्या-मुंबईच्या लेखनवर्गांत ती कुणाला ठाऊक नसते. ‘आमचं मराठी शुद्ध नाही.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या वहीच्या डाव्या पानावर हे वाक्य हमखास असतं. बोलण्यात ‘करालोय’, ‘जायलोय’, ‘येतो की गा’, मध्येच कानडी शब्द, आणि बाईनंही ‘मी येतो, मी जातो’ म्हणायचं. हे लिहिलं तर हसतील, आणि न लिहावं तर पात्रं पाठ्यपुस्तकासारखी बोलतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. लेखननियमांच्या चुका ही एक गोष्ट आणि बोली ही दुसरी. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूप यांचे मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम आहेत. त्यांतले चौदा १९६२चे, उरलेले चार १९७२चे. पंधरा दिवस रोज एक तास दिला तर ते कुणालाही येतात. ‘आणि’ची वेलांटी चुकली तर ती चूकच आहे, ती दुरुस्त करायची आणि तिचं दुःख करायचं नाही. पण पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला याच नियमांत जागा आहे. तेव्हा कंग्राळीच्या आजीनं ‘मी येतो’ म्हटलं तर ते तसंच छापलं गेलं पाहिजे. ‘मी येते’ केलं की आजी कंग्राळीची राहत नाही.

मात्र बोली लिहिणाऱ्याचीही जबाबदारी असते. एका पानावर ‘करालोय’ आणि पुढच्या पानावर त्याच माणसाच्या तोंडी ‘करायलोय’ असं झालं तर मुद्रितं तपासणाऱ्याला ती चूकच वाटणार. म्हणून स्वतःची शब्दसूची करा. चाळीस-पन्नास शब्द पुरतात. प्रत्येकाचं एकच रूप ठरवा, गावाचं नाव पुढे लिहा आणि कथेबरोबर ती सूची संपादकांना पाठवा. वर एक ओळ: ‘ही रूपं जाणीवपूर्वक ठेवली आहेत, कृपया बदलू नयेत.’ निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही सुरुवातीला सर्वांत सोयीची वाट. सगळी कथाच बोलीत लिहायची असेल तर आधी दोन पानं लिहून तालुक्याबाहेरच्या वाचकाला द्या. तो पहिल्या अर्ध्या पानावर अडकला आणि नंतर सुरळीत गेला तर काही बदलायला नको. शेवटपर्यंत अडकत राहिला तर कठीण शब्द दोन वाक्यांत एकापेक्षा जास्त येऊ देऊ नका.

कानडी येणं ही तर हाताशी असलेली कसोटी आहे. आपल्या कथेतला प्रसंग शेजारच्या कानडी अक्कांना कानडीत सांगून बघा. जिथे तुम्ही ‘म्हणजे… तसं नाही हो…’ करत थांबाल तिथे प्रसंग मनातच नीट ठरलेला नाही. मराठीत ती पोकळी सवयीच्या शब्दांखाली झाकली जाते, दुसऱ्या भाषेत उघडी पडते. एकभाषी लेखकाला ही सोय नाही.

आणि ‘काठावरचे आपण काय लिहिणार’ असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठी रंगभूमीचा उगम बघावा. कर्की या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरच्या गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली आणि त्यांच्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक उभं केलं. मराठी संगीत नाटकाचा १८८० साली पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले आणि तिथूनच मराठी कथेला त्यांनी वेगळं वळण दिलं. उलट दिशेनं बघायचं तर ज्यांच्या घरची भाषा मराठी ते द. रा. बेंद्रे कानडीचे महाकवी झाले, १९७३चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. दोन भाषांमधली ही जागा रिकामी कधीच नव्हती.

याच्याच शेजारची आणखी एक शंका आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यरचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं, तेव्हापासून आपल्याकडे मराठी असण्यालाच एक ओझं आहे. त्यामुळे नव्यानं लिहिणाऱ्या मुलीला वाटतं की आपली पावसावरची, आईवरची, प्रेमावरची कविता किरकोळ आहे आणि व्यासपीठावर सीमाप्रश्नावरचीच कविता शोभते. लढ्यावर लिहायचं असेल तर जरूर लिहावं, त्या विषयाची धग खरी आहे. पण टाळ्यांच्या अंदाजानं विषय निवडला की ओळी उसन्या येतात आणि मग ‘हे माझं वाटत नाही’ ही शंका येते. ती शंका बरोबर असते. इंदिरा संत याच बेळगावात राहिल्या. आंदोलनाच्या त्याच दशकांत त्यांनी घर, विरह, झाडं, ऋतू यांची अगदी आतल्या आवाजातली कविता लिहिली आणि १९८४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषयाची उंची बघून कवितेची उंची ठरत नाही, याचा पुरावा गावातच आहे.

गाणाऱ्यांची अडचण शरीरात सुरू होते. मंचावर चढताना अॅड्रेनलिन वाढतं, तोंड कोरडं पडतं, हात गार पडतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. परिणामी सूर चढा लागतो आणि लय नकळत वाढते. गायकाला मात्र ‘आज आपलं गाणंच नाही’ एवढंच कळतं. उपाय तांत्रिक आहेत. घरी रियाजात बंदिशीची लय मेट्रोनोमवर (ठरावीक वेगानं टिकटिक करणाऱ्या यंत्रावर किंवा अ‍ॅपवर) मोजून ठेवा, समजा मिनिटाला साठ मात्रा. कार्यक्रमाआधी मोबाइल कानाला लावून तीच लय दोन मिनिटं ऐका आणि मनात मुखडा म्हणा. सुरुवात सर्वांत घोटलेल्या बंदिशीनं करायची. पहिल्या पाच मिनिटांची बढत, म्हणजे रागाचा विस्तार, आधी ठरवून ठेवायची, नवं काही तिथे आजमावायचं नाही. पडद्याआड चार मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, असं दहा वेळा. भराभर खोल श्वास घेऊ नका, चक्कर येते. ‘मी शांत आहे’ असं स्वतःला सांगण्यापेक्षा ‘मला उत्सुकता वाटतेय’ असं म्हणणं जास्त उपयोगी पडतं, कारण धडधड दोन्हींत सारखीच असते आणि शरीराला एकदम थंड करणं अवघड असतं. मित्रानं दिलेली, ठोके कमी करणारी गोळी मात्र घेऊ नका. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. हवीच असेल तर डॉक्टरांकडून, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा नाही.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं उदाहरण जिद्दीचं म्हणून सांगतात. शिकणाऱ्यांनी ते तंत्राचं म्हणून बघावं. ऐन उमेदीत क्षयानं गाठलं, सुमारे पाच वर्षं गाणं बंद राहिलं, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. १९५३ मध्ये ते पुन्हा मंचावर आले तेव्हा उरलेल्या श्वासाला मावतील असे छोटे, तुटक, टोकदार स्वरसमूह त्यांच्या गायकीत होते. ‘मला पूर्वीसारखं जमेल का?’ या प्रश्नात अडकण्याऐवजी ‘एवढ्या श्वासात काय गाता येतं?’ हा प्रश्न. उजव्या पानावरचा प्रश्न असा असतो.

नाटकात वाक्य विसरण्याची भीती सर्वांत मोठी. ती खरी ठरते कारण संवाद पहिल्यापासून क्रमानं पाठ केलेले असतात. साखळीतली एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. पाठांतर झाल्यावर तालीम मधूनच कुठूनही सुरू करा, दिग्दर्शकानं रोज वेगळं पान काढावं. प्रत्येक लांब वाक्याला एक हालचाल बांधा: पाण्याचा तांब्या उचलणं, खुर्चीची पाठ धरणं. शेवटच्या आठवड्यात दोनदा, अभिनय न करता, दुप्पट वेगानं सगळं नाटक म्हणून काढा. जिथे अडकतं ती वाक्यं वेगळ्या कागदावर. ती बहुधा आठ-दहाच निघतात, आणि भीती एवढ्याच वाक्यांची होती हे नटाला कळतं.

चित्रकाराला आणि मूर्तिकाराला दुसरीच अडचण असते. तासन् तास एकाच चेहऱ्याकडे बघून डोळ्याला चूक दिसेनाशी होते, नाहीतर सगळंच चुकलेलं दिसतं. चित्र आरशात बघा, उलटं करून बघा, सात-आठ फूट लांब जा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून छटा तपासा. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्याआधी रोज दहा जोड्या टाकाऊ फरशीवर काढा, हात गरम होतो. दिवस मावळताना पिवळ्या दिव्यात रंगावर निकाल देऊ नका. के. बी. कुलकर्णींसारख्या शिक्षकानं बेळगावातच हातांना रेखाटनाची शिस्त लावली, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याचकडे शिकले. शिकायला मोठ्या शहरात जायलाच हवं असं नाही, रोज दोन पानं रेखाटन मात्र हवंच.

पैशाबद्दल संकोच नको. निम्मी शंका भाड्याच्या तारखेला येते. स्वतंत्र काम करणाऱ्यानं दर मनाच्या अंदाजानं लावू नये. समजा घरखर्चातला तुमचा वाटा २४ हजार, वीज-इंटरनेट-साहित्य आणि यंत्राची झीज ४ हजार, आषाढातल्यासारख्या रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला ४ हजार. एकूण ३२ हजार. महिन्यात पैसे मिळवून देणारे तास प्रत्यक्षात ऐंशीच निघतात, बाकीचे फोन, फेऱ्या आणि वाट बघण्यात जातात. म्हणजे तासाला ४०० रुपये. पाच तासांची लग्नपत्रिका असेल तर २ हजार. हा आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. ‘जास्त वाटत असेल तर कमी करतो’ हे वाक्य गिऱ्हाइकानं काही बोलण्याआधी आपणच बोलतो, तिथे शंका पैसे खाते. निम्मी रक्कम आगाऊ, दोन दुरुस्त्या त्याच पैशांत, तिसरीला वेगळे, आणि हे सगळं सुरुवातीलाच लिहून पाठवायचं. सांगितलेल्या दहा दरांपैकी दहाही लगेच मान्य झाले तर दर कमी आहे. एकही झाला नाही तर दर किंवा कामाचा नमुना यांत गडबड आहे, आणि नमुना आधी तपासावा. कायमची नोकरी सोडायची तर निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवून.

एक गोष्ट या सगळ्याबाहेरची आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, आपण नसलेलेच बरे असे विचार येत असतील, तर ती कलेतली शंका राहिलेली नाही आणि वहीनं ती सुटणार नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, कानडीतही. धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे. जीव देण्याचे विचार असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये आणि त्या माणसाला एकटं सोडू नये.

संपादक महोदय, आता आपल्याकडे आणि संमेलनं भरवणाऱ्यांकडे आमचं मागणं. शंका कलावंताच्या मनात असते हे खरं, पण तिला खतपाणी घालतं ते उत्तर न येणं. रविवारच्या पुरवणीसाठी आलेल्या साहित्याला तीस दिवसांत पोच मिळावी. नकार असेल तर चार चौकटींचा छापील कागद पुरे: ‘लांबी जास्त’, ‘विषय नुकताच येऊन गेला’, ‘शेवट ओढलेला’, ‘लेखननियम तपासा’. एका चौकटीत खूण केली की झालं. त्या एका खुणेनं ‘मी लेखक नाही’चं ‘शेवट पुन्हा लिहायचा’ होतं. शब्दमर्यादा पुरवणीत छापावी. बोलीतले संवाद दुरुस्त करण्याआधी लेखकाला एक फोन करावा.

संयोजकांनी कवींना निदान महिनाभर आधी कळवावं, आणि किती मिनिटं मिळणार हेही सांगावं. चार मिनिटं म्हणजे चारच, पण पाहुण्यांचं भाषण लांबलं म्हणून ती कापू नयेत. कविसंमेलन जेवणाच्या पंगती सुरू असताना ठेवू नये. रिकाम्या खुर्च्यांसमोर पहिल्यांदा वाचणारी मुलगी पुढच्या वर्षी येत नाही. सकाळी पंधरा मिनिटं ध्वनिक्षेपकावर वाचून बघायला मिळावं, माइक तोंडापासून किती लांब धरायचा हे तिला कुणीतरी दाखवावं. शाल-श्रीफळाबरोबर प्रवासखर्चाचं पाकीटही असावं, खानापूरच्या आतल्या गावातून येणाऱ्याची एक दिवसाची मजुरी त्यात बुडालेली असते. आणि यादीतून ऐनवेळी नाव गळालं तर चिडून दुसरं नाव घालण्याआधी त्या व्यक्तीला एकदा विचारावं: ‘कुठली ओळ अडलीय?’

निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी हे पत्र सर्व संयोजकांच्या नजरेस पडावं, म्हणून शक्य तितक्या लवकर छापावं, ही विनंती.

आपले,
लेखन, संगीत, नाट्य आणि चित्रकला शिकवणारे काही जण,
बेळगाव – खानापूर – निपाणी